सिगारेट सोडायला नेमकं कोणतं ॲप वापरू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, राहायला सातपूरला, नोकरी अंबडच्या कंपनीत, फिरती शिफ्ट. दिवसाला दहा-बारा सिगारेटी, बारा वर्षांपासून. वर्षभरात तीन ॲप टाकून पाहिली. प्रत्येक वेळी चौथ्या-पाचव्या दिवशी एक ओढली गेली, ॲपवरचा दिवसांचा आकडा शून्यावर आला आणि तुम्ही ॲपच काढून टाकलं. आता विचारताय, खरंच उपयोगी पडेल असं एखादं ॲप किंवा वेबसाइट सांगा. शेवटी एक ओळ आहे, की चुलतभाऊ इंजिनिअरिंगला नाशिकला आलाय, तोही टपरीवर दिसायला लागलाय, त्याचं काय करू.

मी नाशिकमध्ये तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन करते, सतरा वर्षं झाली. ॲपचं नाव विचारणारे रोज भेटतात, पण तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला शब्द म्हणजे ‘शून्य’. चार दिवसांत तुम्ही चाळीस-पंचेचाळीस सिगारेटी ओढल्या नाहीत आणि एक ओढली. ॲपने ती एक मोजली, बाकीच्या चाळीस पुसून टाकल्या. तुम्हीही ॲपचंच खरं मानलं. ‘गेलं सगळं’ म्हणून संध्याकाळी पाकीट घेतलं असणार. बारा वर्षांच्या सवयीत चार दिवस तोंडाला धूर न लावणं ही मोठी गोष्ट आहे आणि ती तुम्ही वर्षात तीनदा केलीत, हे आधी नीट लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट त्या चौथ्या-पाचव्या दिवसाची. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून दिवसभर दर दीड-दोन तासांनी तलफ येते. पूर्ण सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस शरीर सगळ्यात जास्त त्रास देतं: चिडचिड, डोकं जड, झोप मोडणं, कामात लक्ष न लागणं. त्यानंतर हा त्रास उतरणीला लागतो आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा निवतो. म्हणजे शरीराचा सगळ्यात अवघड घाट तुम्ही तिन्ही वेळा चढून गेला होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्हाला पाडलं ते बहुतेक एखाद्या जागेने, वेळेने किंवा माणसाने. कंपनीच्या गेटसमोरची टपरी, दहाचा चहा आणि सोबत निघालेले चौघे. पहिले तीन दिवस माणूस सावध असतो. चौथ्या दिवशी वाटतं, जमलं आपल्याला, आणि मग त्याच टपरीवर ‘नुसता चहाच घेतो’ म्हणून उभा राहतो.

म्हणून ॲपच्या आधी मी तुम्हाला हे विचारीन: त्या दहाच्या ब्रेकला तुमच्या हातात फोन असतो का? अंबड-सातपूरच्या कितीतरी कारखान्यांत मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. तसं असेल तर जगातलं सगळ्यात चांगलं ॲपही त्या दहा मिनिटांत लॉकरमध्ये पडलेलं असणार. तुम्ही ऑफिसला असाल, फोन जवळ असेल, तर गोष्ट वेगळी. यावर बरंच अवलंबून आहे.

आता साधनांकडे येते. माझ्या अनुभवात फोनवरची मदत दोन प्रकारची असते. एक, जी तुम्ही उघडाल तेव्हाच बोलते. दुसरी, जी स्वतःहून तुमच्याकडे येते. तलफेच्या वेळी माणूस ॲप उघडत नाही, उलट ते उघडायला लागू नये म्हणून नजर चुकवतो. त्यामुळे मी दुसऱ्या प्रकारावर भर देते. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने जगभरातल्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ठरवून पाठवलेल्या मेसेजेसमुळे सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं असा बऱ्यापैकी भक्कम पुरावा मिळाला. नुसत्या ॲपबद्दल तसा पुरावा तेव्हा मिळाला नव्हता. ॲप वाईट असतात असा याचा अर्थ नाही. पण सगळा भार त्याच्यावर टाकू नये.

स्वतःहून येणारी मदत आपल्याकडे फुकट आहे आणि फार कमी लोक ती वापरतात. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, नंबर १८००-११-२३५६. ही २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली, पुढे मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळुरूचं निमहान्स आणि गुवाहाटीचं केंद्र जोडलं गेलं. सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी बंद. फोन लागल्यावर भाषा विचारली जाते, मराठीच मागा, संकोच करू नका. पलीकडे माणूस असतो. तो तुम्हाला झापत नाही. किती ओढता, कधीपासून, आधी कधी सोडली होती, घरी कोण आहे असं विचारतो, तुमच्याकडून सोडायची तारीख ठरवून घेतो आणि पुढे ठरलेल्या दिवशी तिकडूनच फोन येतो. तुमच्यासाठी माझ्या मते हे सगळ्यात मोलाचं. पाचव्या दिवशी कोणी तरी विचारणार आहे, एवढ्यानेही हात आवरतो.

हा नंबर सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. मग तो तुमच्या डोळ्यांना का दिसला नाही? कारण तुम्ही लिहिलंय तसं टपरीवरून सुटी सिगारेट घेता, पाकीट नाही. दोन सकाळी, दोन दुपारी. राज्यात २०२० पासून सुटी सिगारेट आणि विडी विकायला बंदी आहे, आणि त्यामागचं एक कारण हेच, की सुटी सिगारेट घेणाऱ्यापर्यंत ना इशाऱ्याचं चित्र पोचतं ना नंबर. बंदी असूनही टपरीवर काय चालतं ते तुम्ही-मी दोघंही पाहतो. तेव्हा नंबर आत्ताच फोनमध्ये ठेवा, आणि ‘क्विटलाइन’ नावाने ठेवू नका. आमच्याकडे एकाने तो ‘ताई’ या नावाने ठेवला होता. मित्रांसमोर फोन आला तरी उचलता यायचा.

दुसरं, केंद्र सरकारची मेसेजची सोय, हीसुद्धा २०१६ पासूनची. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्यायचा, नोंदणी होते आणि मोबाईलवर टप्प्याटप्प्याने मेसेज येतात. साधा फोनही चालतो. मिस्ड कॉल दिल्यावर दोन दिवसांत काहीच आलं नाही तर वाट पाहत बसू नका, सरळ क्विटलाइनला फोन लावा. वाचता न येणाऱ्या माणसालाही मी ही सोय सुचवते, मात्र घरातलं कोणी तरी सोबत हवं. सिन्नरकडच्या एका आजोबांचे मेसेज त्यांची नात रोज शाळेतून आल्यावर वाचून दाखवायची. आजोबांनी आयुष्यभर विडी ओढलेली, घरातल्या बायकांनी विड्या वळलेल्या. मला ते म्हणाले, मेसेजात काय लिहिलंय ते राहत नाही डोक्यात, पण पोरगी पाच वाजता येणार हे राहतं.

इंग्रजी वाचायला जमत असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची स्मोकफ्री डॉट गव्ह ही वेबसाइट चांगली आहे. तिथले फोन नंबर आणि मेसेज सेवा अमेरिकेतल्या लोकांसाठी आहेत, ते सोडा. तलफ कशाने येते, ती टाळायची कशी आणि एखादी ओढली गेली तर पुढे काय, एवढीच पानं वाचा. एकदा, सोडायच्या दिवसाआधी, शांतपणे. रोज तासभर माहिती वाचत बसणारे लोकही मी पाहते. फुप्फुसांची चित्रं, व्हिडिओ, अनुभव. वाचून झालं की घाबरतात आणि घाबरल्यावर ओढतात.

आणि ॲप? ठेवायचंच असेल तर जरूर ठेवा, पण सोडायच्या आधीचे सात दिवस वापरा. प्रत्येक सिगारेटला वेळ, जागा आणि सोबत कोण होतं, एवढं टिपा. सात दिवसांनी तुम्हाला तुमचा नकाशा दिसेल. दहा-बारापैकी सात-आठ सिगारेटी त्याच तीन-चार जागी ओढल्या जातात, हे मी जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत पाहिलंय. सोडल्यानंतर दिवस मोजणारा आकडा मात्र बंद करा. मोजायचंच असेल तर न ओढलेल्या सिगारेटी मोजा. तो आकडा कधीच शून्यावर येत नाही.

फोन आत नेता येत नसेल तर कागद. अंबडच्याच एका फिटरची चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात आहे, सोडून दोन वर्षं झाल्यावर त्याने आणून दिली. वहीचा अर्धा कागद, चार घड्या, कडांना ऑइलचे काळे ठसे, घडीवर चिकटपट्टी लावलेली. त्यावर निळ्या पेनने तीन ओळी: ‘१० चा चहा कॅन्टीनमध्येच. गेटबाहेर नाही. जेवण झाल्यावर लगेच गम. सुटल्यावर मागच्या गेटने.’ मागच्या गेटने गेलं की त्याला स्टँडपर्यंत सात-आठ मिनिटं जास्त चालावं लागायचं. पहिला महिनाभर तो चालला. तलफ तीन ते पाच मिनिटांची असते, फार तर दहा. तेवढ्या वेळात टपरी नजरेआड झाली की ती ओसरते. त्याच्या ॲपमध्ये मागचं गेट नव्हतं. ते त्यालाच माहीत होतं.

त्या चिठ्ठीतल्या गमबद्दल, म्हणजे तलफ आवरायला तोंडात ठेवायच्या निकोटिनच्या गोळीबद्दल, सविस्तर लिहिते, कारण इथे लोक फार चुकतात. निकोटिन गमची २ मिलिग्रॅमची गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, ४ ची डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर सहसा २ पुरत नाही. तोच फिटर मला येऊन म्हणाला होता, ‘मॅडम, तुमच्या गमने उचक्या लागतात, मळमळतं, त्यापेक्षा सिगारेट बरी.’ मी म्हटलं, समोर खाऊन दाखवा. त्याने गोळी तोंडात टाकली आणि बबलगमसारखी चावायला लागला, मिनिटभरात सगळी लाळ गिळली. असं केलं की निकोटिन पोटात जातं, तिथे ते उपयोगाचं नाही आणि उचक्या लागणारच. हळू चावायची, जिभेला तिखट मुंग्या आल्यासारखं झालं की थांबायचं आणि गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, तंबाखूचा बार ठेवतात तशी. मुंग्या कमी झाल्या की परत दोन-चारदा चावायची, मग दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. आणि गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नाही, कारण त्याने तोंडातून निकोटिन नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे लोक नेमकं चहाचा घोट घेऊन गम टाकतात आणि मग ‘काही फरक नाही’ म्हणतात. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, तलफ येण्याची वाट न पाहता, आणि दीड महिन्यानंतर हळूहळू कमी.

पॅच, म्हणजे अंगाला चिकटवायची निकोटिनची पट्टी, आणि गम एकत्र वापरलं तर नुसत्या एकापेक्षा जास्त उपयोग होतो. गोळ्याही आहेत, व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन, पण त्या डॉक्टरांनीच द्यायच्या. फिट येण्याचा त्रास असलेल्याला बुप्रोपिऑन चालत नाही. तुम्हाला हृदयाचा त्रास असेल, मधुमेहाची औषधं चालू असतील तर सोडायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा. धूर बंद झाला की काही औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतं. समोरासमोर बसून बोलायचं असेल तर राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा पातळीवर मोफत समुपदेशनाची सोय असते, त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

चहाचीही एक गोष्ट. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन झपाट्याने जाळत असतं. धूर थांबला की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. दिवसाला सहा कटिंग घेणारा माणूस सोडल्यावर धडधड, बेचैनी, झोप नाही असं सांगत येतो आणि त्याला वाटतं सिगारेट सोडल्यानेच हे झालं. चहा निम्म्यावर आणा. रात्रपाळीला हे जड जाईल हे मला कळतं, पण निदान पहिले दोन आठवडे करा.

समजा एखादी ओढली गेली. तो दिवस तुमचा पाचवा असेल तर तो पाचवाच राहील. हातातली विझवा, उरलेली द्या फेकून, आणि कुठे, कोणासोबत झालं एवढं टिपून ठेवा. त्याच दिवशी क्विटलाइनला फोन करून सांगा. मात्र ‘दिवसाला एकच ठेवतो’ हा सौदा करू नका. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं, की दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा वाढीव धोका असतो, त्याचा जवळपास निम्मा एकच ओढणाऱ्यालाही असतो. ‘लाइट’ सिगारेटनेही काही वाचत नाही. आणि दुसरा सौदा, जो आपल्याकडे जास्त चालतो: कंपनीत धूर चालत नाही म्हणून पुडी. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के होते आणि चघळणारे-लावणारे २४.४ टक्के. म्हणजे तुमच्या आजूबाजूला सिगारेटपेक्षा तंबाखू-चुना पुढे करणारे हात कितीतरी जास्त आहेत. सिगारेट सोडलेल्या माणसाच्या तोंडात दोन महिन्यांनी गुटखा पाहिला की मला फार वाईट वाटतं, कारण अर्धी लढाई त्याने खरोखर जिंकलेली असते.

नेटवर शोधलंत म्हणजे तुम्हाला एक जाहिरात नक्की दिसली असणार: ‘पावडर जेवणातून द्या, त्यांना कळणारही नाही, सात दिवसांत व्यसन बंद.’ कळकळीने सांगते, तुमच्या पत्नीने किंवा आईने ही मागवली असेल तर वापरू देऊ नका. आत काय आहे ते डब्यावर नसतं. न सांगता कोणाच्या अन्नात काही मिसळणं धोक्याचं आहे, आणि कळल्यावर घरातला विश्वास जातो तो वेगळाच. ‘हर्बल सिगारेट’ हाही धूरच. त्यातूनही कार्बन मोनॉक्साइड आणि टार छातीत जातं.

आता भावाबद्दल. तो टपरीवर आठवड्यातून दोन-तीनदा, मित्रांसोबत ओढत असेल तर त्याला गमची गरज बहुधा नाही. त्याला गरज आहे कॉलेज सुटल्यावरच्या त्या अर्ध्या तासाला दुसरं काही तरी मिळण्याची, आणि ‘नको’ म्हणायचं एक तयार वाक्य असण्याची. कॅन्सरची चित्रं दाखवू नका. अठरा-एकोणिसाव्या वर्षी पन्नाशीतला आजार कोणाला खरा वाटत नाही. मैदानावर धाप लागते, कपड्यांना वास येतो, खिशातले पैसे जातात, हे त्याला आजच दिसतं. तो व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढतो का हे मात्र सरळ विचारा. इन्स्टाग्रामवर पोरं ती मागवतात आणि ‘ही सिगारेट नाही’ म्हणतात. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे, आणि त्यात बहुतेक वेळा निकोटिन असतं, कधी कधी सिगारेटपेक्षा जास्त. त्याला सांगायला तुमच्याइतका योग्य माणूस नाही. ‘मीही अशीच सुरू केली, आता बारा वर्षांनी सोडायला लोकांना विचारत फिरतोय’, एवढं त्याच्याशेजारी बसून बोला. क्विटलाइन त्याच्याशीही बोलेल.

मन खूपच खचलं, रात्र जाईना, घरात चिडून बोललं गेलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. रात्रपाळीला क्विटलाइन बंद असते तेव्हा हा उपयोगी पडेल.

तुमच्यासाठी मी क्रम असा लावीन. उद्यापासून सात दिवस टिपणं. सोडायचा दिवस पहिल्या पाळीच्या आठवड्यात घ्या, मंगळवार किंवा बुधवार, म्हणजे दुपारी सुटल्यावर क्विटलाइन चालू असेल आणि सोमवारची सुट्टी तुमच्या पहिल्या तीन दिवसांत येणार नाही. आदल्या रात्री घरातली, गाडीच्या डिकीतली, ड्रॉवरमधली पाकिटं, लायटर, ॲशट्रे सगळं बाहेर. हळूहळू कमी करण्यापेक्षा ठरवलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांना जास्त यश आल्याचं एका चाचणीत दिसलंय, आणि माझाही अनुभव तोच. चिठ्ठी लिहा, तीनच ओळींची, आणि त्यात तुमच्या कंपनीचं गेट, तुमची टपरी, तुमची माणसं नावानिशी येऊ देत. चौघांपैकी एकाला आधी सांगून ठेवा की मला देऊ नकोस.

खाली उत्तरात दोन गोष्टी लिहाल का? मोबाईल आत नेता येतो की नाही, आणि उठल्यावर पहिली किती मिनिटांत ओढता. गम २ ची घ्यायची की डॉक्टरांकडून ४ ची लिहून घ्यायची, ते त्यावरून सांगते.